ऑस्ट्रेलियातली नवी समुद्री राखीव क्षेत्रं आणि व्यावसायिक मच्छीमारांना सरकारी मदत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

समुद्राच्या नकाशावर सरकारने एक हिरवा चौकोन काढला, की त्या चौकोनात वर्षानुवर्षं जाळं टाकणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. ऑस्ट्रेलियाने गेल्या पंचवीस वर्षांत असे चौकोन भरपूर काढले, आणि त्यांच्यामागोमाग मच्छीमारांना पैसे देण्याच्या योजनाही काढल्या. काही योजना नीट चालल्या, काहींचा खर्च हाताबाहेर गेला, एकीचे पैसे तर घोषणेतच राहिले. त्याबद्दल सतत विचारले जाणारे प्रश्न खाली घेतले आहेत. उत्तरांमध्ये माझी मतं आहेत, ती लपवलेली नाहीत.

राखीव क्षेत्र झालं म्हणजे तिथली मासेमारी पूर्ण बंद झाली का?

नाही. गोंधळाची सुरुवात इथूनच होते. ऑस्ट्रेलियातलं एक समुद्री उद्यान, म्हणजेच राखीव क्षेत्र, ही वेगवेगळ्या रंगांच्या पट्ट्यांची गोधडी असते. हिरव्या पट्ट्यात मासेमारी बंद. गुलाबी पट्टा त्याहून कडक. फिकट निळ्यात बहुतेक सगळं चालतं. मधल्या रंगांत काही जाळी चालतात, काही नाहीत.

यात एक खाचखळगा आहे. रंग सगळीकडे सारखे नाहीत. ग्रेट बॅरियर रीफ या क्वीन्सलँडच्या किनाऱ्यालगतच्या प्रवाळरांगेच्या उद्यानात पिवळा म्हणजे जवळजवळ एका दोरीला एक गळ इतपतच मुभा. केंद्र सरकारच्या बाकीच्या समुद्री उद्यानांत मात्र पिवळा पट्टा हा समुद्रतळ जपण्यासाठी असतो. तिथे तळ खरवडत ओढलं जाणारं ट्रॉल जाळं चालत नाही, पण तळाला न लागणाऱ्या काही पद्धती चालू शकतात. म्हणून ‘आमचा भाग पिवळ्यात गेला’ असं कुणी म्हणालं, तर आधी विचारायचं: कुठल्या उद्यानातला पिवळा?

मदतीचा प्रश्नही इथेच ठरतो. उद्यान किती मोठं आहे याला फारसा अर्थ नाही. तुमची पद्धत तुमच्या जागेवर बंद झाली का, एवढंच बघितलं जातं.

नियम कोण करतं, केंद्र की राज्य?

किनाऱ्यापासून साधारण 3 सागरी मैल राज्याचे, तिथून 200 सागरी मैलांपर्यंत केंद्राचे. ही झाली ढोबळ वाटणी. मासेमारीच्या परवान्यांची वाटणी मात्र या रेषेबरहुकूम नाही. केंद्र आणि राज्यांनी आपसात करार करून कोणती मासेमारी कुणी सांभाळायची हे ठरवलं आहे. त्यामुळे परवाना राज्याचा आणि बंदी केंद्राची, असं सर्रास होतं. ग्रेट बॅरियर रीफचं उद्यान केंद्राच्या 1975 च्या कायद्याखाली आहे, पण तिथे जाळं टाकणाऱ्यांचे परवाने क्वीन्सलँड राज्याचे आहेत. मदतीसाठी पहिला फोन कुणाला करायचा, हे यावर ठरतं.

मदत मिळणं हा हक्क आहे, की सरकारची मर्जी?

तुम्ही कुठल्या राज्यात आहात त्यावर अवलंबून, हे विचित्र वाटलं तरी खरं उत्तर आहे.

पश्चिम ऑस्ट्रेलियात तो हक्क आहे. तिथे 1997 साली खास याच कामासाठी कायदा झाला. समुद्री राखीव क्षेत्रामुळे परवान्याची बाजारातली किंमत घसरली, तर परवानाधारकाला ती घसरण भरून मागता येते. कायद्याने मोजपट्टीसुद्धा दिली आहे: किती मासे गेले ते नाही, परवान्याचं मोल किती कमी झालं ते.

व्हिक्टोरियाने 2002 साली 13 समुद्री राष्ट्रीय उद्यानं आणि 11 छोटी अभयारण्यं एका झटक्यात केली. ती 16 नोव्हेंबर 2002 पासून लागू झाली आणि त्याच कायद्यात मच्छीमारांच्या नुकसानभरपाईची सोय होती. आदल्या वर्षीचं विधेयक सरकारला मागे घ्यावं लागलं होतं, आणि तेव्हाच्या वादात भरपाईचा मुद्दा होताच. दुसऱ्या खेपेला सरकार शहाणं होऊन आलं असं म्हणायला हरकत नाही.

केंद्राची भूमिका वेगळी आहे. ऑस्ट्रेलियाच्या राज्यघटनेचं कलम 51 (31) सांगतं, की केंद्राने कुणाची मालमत्ता घेतली तर रास्त मोबदला दिला पाहिजे. चित्रपटात वगैरे हे कलम गाजलेलं आहे, त्यामुळे मच्छीमारांच्या सभेत कुणीतरी ते हमखास काढतं. केंद्राचा युक्तिवाद असा: समुद्रातला मासा पकडेपर्यंत कुणाचाच नसतो. परवाना ही कायद्याने दिलेली मुभा आहे, आणि ती बदलू शकते हे घेतानाच माहीत असतं. शिवाय जागा बंद केल्याने सरकारच्या हाती काही येत नाही, मग ‘घेतलं’ कसं म्हणायचं? म्हणून केंद्र ‘नुकसानभरपाई’ हा शब्द टाळतं आणि ‘समायोजन साहाय्य’ म्हणतं. 2011 च्या केंद्रीय धोरणाचं नावही मासेमारी समायोजन धोरण असंच आहे.

हा फरक नुसत्या शब्दाचा नाही. हक्क असेल तर तुम्ही मागता आणि सरकारला उत्तर द्यावं लागतं. साहाय्य असेल तर कुणाला, किती आणि कधीपर्यंत हे सरकार ठरवतं. माझ्या मते पश्चिम ऑस्ट्रेलियाची पद्धत जास्त सरळ आहे. नकाशा काढायच्या आधीच बिल किती येईल याचा विचार सरकारला करावा लागतो.

पैसे कोणकोणत्या रूपात मिळतात?

मुख्य रूप म्हणजे परवाना खरेदी: सरकार परवाना विकत घेतं आणि रद्द करतं, तुम्ही धंद्यातून बाहेर पडता. दुसरं रूप धंद्यात राहणाऱ्यांसाठी आहे. नवी जागा शोधायला जादा डिझेल लागतं, जाळी बदलावी लागतात, कधी नौकेत फेरफार करावे लागतात, त्यासाठी अनुदान. याशिवाय हिशेबनीस किंवा धंद्याचा सल्लागार नेमायला थोडी रक्कम, नोकरी गेलेल्या कामगारांना मदत, आणि बंदरावरच्या गावांसाठी काही निधी. 2004 च्या ग्रेट बॅरियर रीफ योजनेत हे सगळे कप्पे होते. प्रत्येक योजनेत असतीलच असं नाही.

माझं नुकसान किती झालं हे मोजतात कसं?

लॉगबुकवरून, म्हणजे नौकेवरच्या रोजच्या नोंदवहीवरून. बाकी सगळं त्याच्या मागून येतं.

क्वीन्सलँडचं उदाहरण जवळून बघू. तिथल्या मासेमारीच्या नकाशावर 30 मिनिटांचे चौकोन आखलेले आहेत. ही मिनिटं घड्याळातली नाहीत, अक्षांश-रेखांशाची. उत्तर-दक्षिण असा एक चौकोन 30 सागरी मैलांचा भरतो. त्याच्या पोटात 6 मिनिटांचे 25 छोटे चौकोन. दिवस संपताना तांडेल, म्हणजे नौकेचा प्रमुख, लॉगबुकात तारीख लिहितो, जाळं की गळ ते लिहितो, कुठला मासा किती किलो ते लिहितो, आणि जागेच्या रकान्यात चौकोनाचा क्रमांक टाकतो. हात ओले, डोळ्यांवर झोप, बोट हलतीये. अशा वेळी मोठ्या चौकोनाचा क्रमांक टाकून छोट्याचा रकाना मोकळा सोडणं किती सोपं आहे, हे सांगायला नको.

आता समजा, त्या मोठ्या चौकोनात या तांडेलाने वर्षाला 8 टन मासा पकडला. हिरवा पट्टा त्या चौकोनाचा पाचवा हिस्सा व्यापतो. छोट्या चौकोनाची नोंद नसेल तर अधिकारी काय करणार? क्षेत्रफळाच्या प्रमाणात वाटणी. 8 टनांचा पाचवा हिस्सा, म्हणजे 1.6 टन गेला. पण मासा क्षेत्रफळाप्रमाणे राहत नाही, तो प्रवाळावर राहतो. आणि हिरवा पट्टा मुद्दाम प्रवाळावरच टाकलेला आहे. तांडेलाला पक्कं ठाऊक आहे की त्यातले 5 टन त्या एका कोपऱ्यातून येत होते. कागदावर 1.6, समुद्रात 5. मधले 3.4 टन त्या मोकळ्या रकान्यात बुडाले.

केंद्राच्या ताब्यातल्या मासेमारीत हा प्रश्न थोडा सौम्य आहे. तिथल्या नौकांवर उपग्रहाने ठिकाण सांगणारी यंत्रणा सक्तीची आहे. नौका कुठे रेंगाळली हे त्यावरून दिसतं. मासा किती मिळाला हे मात्र तीही सांगत नाही.

लॉगबुकात मी मुद्दामच कमी लिहीत होतो. आता खरा आकडा सांगितला तर?

चालणार नाही. वर कमी नोंद हा गुन्हा ठरू शकतो, ते वेगळंच. आपली हमखास जागा दुसऱ्याला कळू नये म्हणून तांडेल ठिकाण चुकीचं लिहितात, ही जगभरची जुनी खोड आहे. राखीव क्षेत्र येईपर्यंत ती फुकटात पचते.

विक्रीच्या पावत्या, बर्फाची आणि डिझेलची बिलं, जीपीएसच्या पडद्यावर साठवलेल्या खुणा हे जोडपुरावे म्हणून देता येतात. पण ते लॉगबुकाला आधार देतात, त्याला खोटं पाडायला सहसा उपयोगी पडत नाहीत.

कुठल्या वर्षांचा मासा धरतात?

बहुधा घोषणेच्या आधीच्या काही वर्षांची सरासरी. घोषणेनंतरची वर्षं मुद्दाम वगळतात, नाहीतर क्षेत्र बंद होणार म्हटल्यावर तिथे गर्दी करून ‘माझा इतिहास’ तयार करणारे निघतात. याचा फटका दोन प्रामाणिक माणसांना बसतो: नुकताच परवाना घेतलेल्याला, आणि त्या वर्षांत आजारी असलेल्याला किंवा नौका गोदीत पडून असलेल्याला. योजनेच्या नियमांत ‘विशेष परिस्थिती’ असं कलम आहे का, ते आधी शोधा. असेल तर बाकी अर्जापेक्षा त्यावर जास्त वेळ घालवा.

परवाना सरकारला विकायचा तर किंमत कोण ठरवतं?

बऱ्याचदा तुम्हीच, आणि इथे खरी कसोटी लागते. नोव्हेंबर 2005 मध्ये केंद्राने 22 कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरची योजना जाहीर केली. तिचा मोठा हिस्सा परवाने विकत घेण्यासाठी होता. दोन कामं एकदम साधायची होती: अति मासेमारी कमी करणं, आणि आग्नेय समुद्रात येऊ घातलेल्या राखीव क्षेत्रांचा धक्का झेलणं. ती राखीव क्षेत्रं 2007 मध्ये झाली. खरेदी निविदेने झाली. मच्छीमाराने बंद पाकिटात आकडा लिहायचा. सरकार स्वस्तातल्यापासून वर जात आपल्याला हवे तेवढे परवाने उचलणार. आकडा जास्त लिहिला तर पाकीट परत, आणि परत आल्यावर परवान्याची किंमत काय राहील ते सांगता येत नाही. कमी लिहिला तर आयुष्याची कमाई स्वस्तात गेली. शेजारच्या धक्क्यावरच्या माणसाने काय लिहिलं, हे विचारून उपयोग नाही. तो खरं सांगणार नाही, आणि तुम्हीही सांगणार नाही.

या पद्धतीचा एक दोष सरकारच्या बाजूचाही आहे. सगळ्यात आधी आणि स्वस्तात विकले जातात ते वापरात नसलेले परवाने. कपाटात पडलेला कागद विकायला कुणाची ना असेल? पण असा परवाना रद्द केल्याने समुद्रात एकही जाळं कमी होत नाही. म्हणून नंतरच्या योजनांत ‘अमुक वर्षांत इतका मासा पकडलेला असला पाहिजे’ अशा अटी दिसतात. त्या जाचक वाटतात, पण त्यांच्यामागे हे कारण आहे.

नौका सहसा तुमचीच राहते. सरकार कागद घेतं, लाकूड-लोखंड नाही. परवान्याशिवायच्या नौकेला गिऱ्हाईक मिळणं अवघड, म्हणून निविदेचा आकडा लिहिताना नौकेच्या किमतीतली घटही त्यात धरायची असते. हे अनेकांच्या उशिरा लक्षात येतं.

ग्रेट बॅरियर रीफच्या वेळी खर्च इतका कसा फुगला?

1 जुलै 2004 ला नवा नकाशा लागू झाला. उद्यान 3,44,400 चौरस किलोमीटरचं. मासेमारी बंद असलेला भाग 5 टक्क्यांहून कमी होता, तो एका रात्रीत 33 टक्क्यांवर गेला. नकाशावर लोकांची 31 हजारांवर निवेदनं आली होती. शास्त्राच्या बाजूने ही आखणी फार काळजीने केलेली होती: प्रवाळ, गवताचे तळ, चिखलाचे तळ असे 70 जैवप्रदेश काढून प्रत्येकाचा किमान पाचवा भाग राखायचा. पैशाच्या बाजूने मात्र तशी काळजी दिसत नाही.

सुरुवातीच्या अंदाजात मच्छीमारांचं नुकसान थोडकं दिसत होतं. शेवटी योजनेचा खर्च 20 कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरच्या पुढे गेला. यात कुणी चोरी केली असं नाही. पात्रतेची व्याख्या वेळोवेळी सैल झाली, मुदती वाढल्या. किनाऱ्यावरचे धंदेही आत आले: मासळी प्रक्रिया करणारे, नौका दुरुस्त करणारे, जाळी आणि गळ विकणारे. प्रत्येक पाऊल सुटं बघितलं तर न्याय्य वाटतं. मासळी कमी आली तर बर्फ विकणाऱ्याचंही नुकसान होतंच की. पण एकदा हे दार उघडलं, की ‘इथपर्यंत, यापुढे नाही’ म्हणायला पक्की रेघ लागते, आणि ती आखलेली नव्हती. 9 ऑक्टोबर 2004 ला देशाची निवडणूक होती, हेही विसरून चालणार नाही. निवडणुकीच्या वर्षात किनाऱ्यावरच्या मतदारसंघात रेघ आखायची हिंमत कोण करणार?

मला विचाराल तर चूक पैसे देण्यात नव्हती. पैसे कशासाठी देतोय हे आधी ठरवलं नाही, ही चूक होती. धंदा लहान करायचा होता, की झालेलं नुकसान भरायचं होतं, की विरोध शांत करायचा होता? तिन्हींसाठी वेगवेगळ्या योजना लागतात. इथे एकाच योजनेवर तिन्ही ओझी लादली गेली.

2012 मध्ये जाहीर झालेले पैसे मिळाले का?

हा प्रश्न अजूनही कडवटपणे विचारला जातो. नोव्हेंबर 2012 मध्ये केंद्राने 40 नवी राखीव क्षेत्रं जाहीर केली. एकूण 60 झाली, 31 लाख चौरस किलोमीटर. सोबत मच्छीमारांसाठी सुमारे 10 कोटी डॉलरची घोषणा. बंदी प्रत्यक्षात जुलै 2014 पासून लागायची होती. मध्ये सत्ता बदलली, आणि डिसेंबर 2013 मध्ये नव्या सरकारने व्यवस्थापनाचे आराखडे बाजूला ठेवून फेरविचार जाहीर केला. राखीव क्षेत्रं कागदावर राहिली, पाण्यात काहीच बदललं नाही. बंदी नाही तर नुकसान नाही, आणि नुकसान नाही तर मदत नाही.

नवे आराखडे थेट 1 जुलै 2018 ला लागू झाले, आणि त्यांच्याबरोबर मदतीची नवी योजना आली. कोरल सी या ईशान्येकडच्या समुद्रात 2012 च्या आराखड्यात निम्मं क्षेत्र हिरवं होतं, ते 2018 मध्ये 24 टक्क्यांवर आलं. या सहा वर्षांत काय झालं असेल ते बघा. कोरल सीमध्ये गळाची लांब दोरी टाकणाऱ्या माणसाने नवी नौका घ्यायची की नाही? बँकेने कर्ज द्यायचं की नाही? परवाना विकायला काढला तर घेणारा किती देणार? बंदी लागली नाही म्हणून नुकसान झालं नाही, हे हिशेबात बरोबर आहे. पण टांगत्या तलवारीखाली सहा वर्षं काढण्याचीही किंमत असते, आणि त्यासाठी कुठल्याही अर्जात रकाना नाही.

मी नौकेवर खलाशी आहे, परवाना माझ्या नावावर नाही. मला काय?

बहुतेक वेळा फार थोडं. ऑस्ट्रेलियात अनेक नौकांवर खलाशाला ठरावीक पगार नसतो, पकडलेल्या मासळीत वाटा असतो. त्यामुळे ‘नोकरी गेली’ हे दाखवायला नेमणूकपत्रसुद्धा हातात नसतं. ग्रेट बॅरियर रीफच्या योजनेत कामगारांसाठी वेगळा कप्पा होता, तो ठेवणं योग्यच होतं. पण परवानाधारकाला मिळालेल्या रकमेतला वाटा खलाशाला द्यावा, अशी सक्ती सहसा नसते. मालक चांगला असेल तर देतो. वाट्याच्या नोंदी, बँकेत जमा झालेल्या रकमा आणि कर भरल्याचे कागद जपून ठेवा. नंतर कामाला येणारे कागद बहुधा हेच.

एक जागा बंद झाली तर सगळे दुसरीकडे जाणार. तिथल्या मच्छीमाराचं काय?

मदतीच्या योजनांमधली सगळ्यात मोठी भेग हीच. राखीव क्षेत्रातून हुसकलेल्या वीस नौका शेजारच्या खाडीच्या तोंडाशी आल्या, तर तिथे आधीपासून असलेल्याची जाळी रिकामी येऊ लागतात. त्याच्या जागेवर कुठलाच रंग आलेला नाही, म्हणून तो बाधितांच्या यादीत नाही. परवाना खरेदीचा खरा युक्तिवाद हाच आहे: बंद झालेल्या जागेतून जेवढी मासेमारी हटली, तेवढी एकूण मासेमारीतूनच कमी करायची. बाहेर पडणाऱ्याला पैसे मिळतात, राहणाऱ्याला जागा मिळते. म्हणून शेजारच्या धक्क्यावर परवाना खरेदीला विरोध असेल, तर त्या लोकांनी दोनदा विचार करावा. ती खरेदी त्यांच्याही फायद्याची असते.

राखीव क्षेत्रात मासे वाढून बाहेर येतील असं सांगतात. मग मदत कशाला?

मासे खरंच बाहेर येतात. क्वीन्सलँडच्या केप्पल बेटांजवळ शास्त्रज्ञांनी कोरल ट्राउट आणि स्नॅपर जातीच्या माशांचे पालक आणि पिल्लं डीएनएवरून जुळवली. 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात असं दिसलं की तिथल्या प्रवाळाचा 28 टक्के भाग राखीव असूनही, आसपास 30 किलोमीटरच्या टापूत रुजणारी जवळजवळ निम्मी पिल्लं राखीव भागातल्या माशांची होती. म्हणजे ही नुसती आशा नाही.

पण नौकेचा हप्ता दर महिन्याला येतो, आणि पिल्लू पकडण्याजोगं व्हायला वर्षं जातात. मधल्या काळात तग धरायला मदत लागते. शिवाय हा फायदा ज्याची जागा गेली त्यालाच मिळेल असं नाही. तो शेजाऱ्याच्या जाळ्यात पडेल, कदाचित हौशी गळ टाकणाऱ्याच्याही.

हौशी मच्छीमारांना मदत मिळते का?

नाही. त्यांचा विरोध मात्र व्यावसायिकांपेक्षा मोठ्या आवाजात असतो, कारण ते संख्येने कितीतरी जास्त आहेत.

हिरव्या पट्ट्यातून नौका घेऊन नुसतं जाता येतं का?

येतं. जाळी, गळ आणि दोऱ्या आवरून बांधून ठेवायच्या, पाण्यात काही नको. वळसा घालून जायला लागेल असं गृहीत धरून डिझेलचं नुकसान मांडू नका. अर्जातली अशी एक चूक बाकीच्या आकड्यांवरचा विश्वास घालवते.

गिलनेटवाल्यांना 2023 नंतर मिळालेली मदत याच प्रकारची आहे का?

जवळची आहे, पण तीच नाही. गिलनेट म्हणजे पाण्यात भिंतीसारखं उभं राहणारं जाळं. त्यात मासळीबरोबर ड्युगाँग (समुद्री गाय) आणि समुद्री कासवंही अडकतात. जून 2023 मध्ये केंद्र आणि क्वीन्सलँडने मिळून जाहीर केलं की ग्रेट बॅरियर रीफच्या भागातून गिलनेट 2027 च्या मध्यापर्यंत पूर्ण हटवायची. त्यासाठी 16 कोटी डॉलरहून मोठी रक्कम ठेवली. इथे जागा बंद केलेली नाही, जाळं बंद केलं आहे. त्याआधी 1 नोव्हेंबर 2015 पासून केर्न्स, मॅके आणि रॉकहॅम्प्टनजवळ जाळीमुक्त पट्टे झाले होते, आणि तेव्हाही परवाने विकत घेतले गेले होते.

2004 आणि 2023 या दोन्ही वेळी अर्ज आणि पैसे यांचं काम राज्याच्या एकाच ग्रामीण वित्त संस्थेकडे होतं. मधल्या काळात तिचं नाव तेवढं बदललं. लेखी कागद मागण्याची सवय तिला मुरलेली आहे. अर्ज त्या हिशेबाने करा.

मिळालेल्या पैशांवर कर लागतो का?

कप्प्यानुसार. परवाना विकल्याचे पैसे भांडवली नफ्याच्या हिशेबात जाऊ शकतात, धंदा चालू ठेवायला मिळालेलं अनुदान उत्पन्नात. सही करण्याआधी हिशेबनिसाला विचारा, नंतर नाही. अनेक योजनांत सल्ल्यासाठी वेगळी रक्कम असते, तिचा पहिला उपयोग हा.

राखीव क्षेत्र मोठं, तर मदतही मोठी असं असतं का?

मुळीच नाही. 1 जुलै 2023 पासून दूर दक्षिणेकडच्या मॅक्वारी बेटाचं समुद्री उद्यान वाढवून तिप्पट केलं, सुमारे 4 लाख 75 हजार चौरस किलोमीटर. पण तिथे टूथफिश पकडणाऱ्या मोजक्या नौकांच्या जागा मासेमारी चालेल अशा पट्ट्यात ठेवल्या. उलट एखाद्या नदीमुखाजवळचा हिरवा ठिपका नकाशावर शोधायलाही भिंग लागतं, आणि तिथेच दोन कुटुंबांचं वर्ष जातं.

नकाशाचा अजून मसुदाच आहे. आत्ता काय करावं?

आत्ताच करण्यासारखं सगळ्यात जास्त आहे. नकाशा पक्का झाल्यावर फक्त पैशांबद्दल बोलता येतं, मसुदा असताना रेघेबद्दलही बोलता येतं. ‘आम्हाला उद्यान नको’ अशी शंभर पत्रं गेली तर ती एका फायलीत जातात. पण ‘ही रेघ दोन मैल पूर्वेला सरकवली तर तुमचा जैवप्रदेश तेवढाच राखला जातो आणि आमचे अमुक छोटे चौकोन सुटतात’ असं एक पत्र, सोबत पाच वर्षांच्या लॉगबुकाची पानं, याला अधिकाऱ्याला उत्तर द्यावं लागतं. त्यासाठी आपल्या हमखास जागा उघड कराव्या लागतात, हे खरंच जड जातं. संघटनेमार्फत एकत्र आकडे दिले तर एकेकट्याची जागा थोडीफार झाकता येते.

आणि आजपासून छोट्या चौकोनाचा रकाना भरायला लागा.

अर्ज नाकारला तर?

कारण लेखी मागा. ‘पात्र नाही’ एवढ्यावर समाधान मानू नका. कुठल्या कलमाखाली, कुठल्या वर्षांचे आकडे धरून, हे विचारा. बहुतेक योजनांत दुसऱ्या अधिकाऱ्याकडून फेरतपासणीची सोय असते आणि तिची मुदत छोटी असते. बरेच अर्ज कागदपत्रांतल्या साध्या चुकीवर अडकतात: परवान्याचा जुना क्रमांक, कंपनीच्या नावावरचा परवाना आणि अर्ज मात्र स्वतःच्या नावाने, वडिलांच्या नावावर राहिलेला मासेमारीचा इतिहास. हे फेरतपासणीत सुटू शकतं. त्यानंतरही सुटलं नाही, तर केंद्राच्या योजनेसाठी केंद्राच्या लोकपालाकडे आणि राज्याच्या योजनेसाठी राज्याच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. ती फुकट असते आणि वकील लागत नाही. लोकपाल तुम्हाला पैसे मंजूर करून देत नाही, तो निर्णय नीट घेतला गेला का ते तपासतो. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्यासारखा कायदेशीर हक्क असेल तर गोष्ट वेगळी. तिथे भांडण आकड्याचं असतं, आणि त्यासाठी परवान्यांची किंमत काढणारा जाणकार आधीपासून गाठून ठेवलेला बरा.